सोन्याचा कस आणि सोन्याचा माग

सोने दहा ग्रॅममागे लाखाच्या वर गेले तेव्हापासून आमच्या इंदुरात सोन्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज चढलेला असतो. त्यातच ॲमेझॉनच्या जंगलातल्या गढूळ नद्यांचे आणि उघड्या हातांनी पारा कालवणाऱ्या माणसांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले आणि नव्या वादाला तोंड फुटले. रामबागेत व्याख्यानानंतर रेंगाळणारी मंडळी असोत की राजेंद्रनगरचा संध्याकाळचा कट्टा, मी ऐकलेल्या चर्चांत बहुधा दोनच बाजू असतात. एक म्हणते, हे बेकायदा खाणवाले नद्या नासवताहेत, सैन्य लावून त्यांना हाकला. दुसरी म्हणते, पोटासाठी माती उपसणाऱ्याला शहाणपण शिकवणारे आपण कोण? मग कुणीतरी तिसरा सूर लावते: बायकांनी सोन्याचा हव्यास सोडला की सगळे आपोआप मिटेल. मला हे तिन्ही सूर चुकीचे वाटतात आणि ते एकाच जागी चुकतात. खड्ड्यातला मजूर आणि गळ्यातले मंगळसूत्र ही दोनच टोके त्यांना दिसतात, मधला बाजार कुणाच्या नजरेत येत नाही. माझे म्हणणे असे, की पारा आणि शिशाचे हे विष मधल्या बाजाराच्या सोयीमुळे टिकून आहे. सोने विकत घेणारे, गाळणारे आणि आयात करणारे यांच्यावर त्याच्या उगमाची जबाबदारी कायद्याने टाकली, तरच ते हटेल. भारत हा सोन्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या दोन ग्राहकांपैकी एक आहे, तेव्हा ही जबाबदारी आपल्याला दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

हे विष तयार कसे होते ते आधी नीट पाहायला हवे, कारण चर्चेतून नेमके तेच गळते. मोठी यंत्रे आणि भांडवल हाताशी नसताना, कुटुंबाने किंवा छोट्या टोळीने सोने काढणारी माणसे जगात दीड ते दोन कोटी आहेत. त्यांत चाळीस-पन्नास लाख बायका आणि मुले. दरवर्षी खाणींतून निघणाऱ्या सोन्याचा सुमारे पाचवा हिस्सा यांच्या हातून येतो. दगड कुटून, दळून, त्या चुऱ्यात पाणी आणि पारा घालून ढवळले की सोन्याचे बारीक कण पाऱ्याला धरून एक मऊ गोळा होतो. फडक्यातून पिळून जादा पारा काढायचा आणि उरलेला गोळा पत्र्यावर, फावड्यावर, कधी घरच्या चुलीवर तापवायचा. पारा ३५७ अंशांना उकळून उडून जातो आणि मागे पिवळा खडा उरतो. फार कौशल्य लागत नाही, फार वेळही लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या जागतिक पाहणीनुसार, माणसाच्या उद्योगांमुळे २०१५ साली सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला आणि त्यातला ३८ टक्के एकट्या या कामातून. जगभर जळणाऱ्या कोळशाचा वाटासुद्धा याहून कमी होता.

श्वासातून आत गेलेल्या पाऱ्याच्या वाफेचा सुमारे ऐंशी टक्के भाग रक्तात उतरतो. रक्तातून मेंदूत, आणि गरोदर बाईच्या वारेतून पोटातल्या बाळापर्यंत. हात थरथरू लागतात, अक्षर बिघडते, झोप उडते, हिरड्या सुजतात, स्वभाव चिडका होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. नदीत गेलेला पारा वेगळ्या वाटेने परत येतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो आधी सूक्ष्म जिवांत, मग लहान माशांत, मग मोठ्या माशांत साठत जातो आणि ज्याने उभ्या आयुष्यात खाण पाहिली नाही अशा मासे खाणाऱ्या कुटुंबाच्या ताटात येतो. दगडातच शिसे किंवा आर्सेनिक असेल तर तेही धुळीबरोबर बाहेर पडते. तिथे पाऱ्याला हात न लावूनही सुटका नसते.

नायजेरियाच्या झंफारा राज्यात २०१० साली जे घडले ते या विषयावर मत देणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी समजून घ्यावे असे मला वाटते. गावांत लहान मुले झटके येऊन मरत होती. आधी मलेरिया किंवा मेंदूज्वराचा संशय घेतला गेला. ‘सीमाविरहित डॉक्टर’ (एमएसएफ) या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पथकाने रक्ताचे नमुने बाहेर पाठवले आणि त्यांत शिसे निघाले. रक्ताच्या डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही तेव्हा काळजीची पातळी मानली जाई. या मुलांच्या रक्तात ते शेकड्यांनी होते. कारण होते गावाजवळच्या शिवारातून आणलेला सोन्याचा दगड. तो शिशाने गच्च भरलेला होता. बायका तो घराच्या अंगणात फोडत, धान्य दळायच्या गिरण्यांत दळत, आणि त्याच अंगणात मुले रांगत होती. त्या प्रकोपात चारशेहून अधिक मुले दगावली. औषधाने रक्तातले शिसे उतरवता येते, पण मूल पुन्हा त्याच अंगणात जाणार असेल तर औषधाचा उपयोग काय? म्हणून आधी घराघरांतली माती खरवडून काढावी लागली. बागेगा या मोठ्या गावाच्या सफाईसाठी सरकारी पैसा वेळेवर आला नाही आणि तिथले काम २०१३ पर्यंत रखडले. तीन वर्षे तिथली मुले उपचाराची वाट पाहत त्याच धुळीत राहिली. जी जगली त्यांतल्या कित्येकांची दृष्टी, कान, बुद्धी, चालणे यांचे नुकसान भरून येणारे नव्हते.

आता बंदीचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू. त्यांच्या म्हणण्यात मोठे तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पेरूमध्ये माद्रे दे दिओस भागात ला पांपा नावाची बेकायदा खाणींची वस्ती होती. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथे पोलीस आणि लष्कराची मोठी कारवाई झाली आणि त्या पट्ट्यातली जंगलतोड नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. त्याही मागे जायचे तर कॅलिफोर्नियात पाण्याचे फवारे मारून डोंगर वितळवणाऱ्या कंपन्यांना १८८४ साली न्यायमूर्ती सॉयर यांच्या निकालाने वेसण घातली, आणि ती टिकली. म्हणजे बंदी कधीच चालत नाही, असे नाही. पण ती कुठे चालली ते पाहा. कॅलिफोर्नियात समोर कंपनी होती, कंपनीला नाव होते, मालक होता, मालमत्ता होती. निकाल मोडला तर जप्त करण्यासारखे काहीतरी होते. ला पांपातून उठलेल्या माणसांकडे यातले काही नव्हते. कारवाईनंतर ॲमेझॉनच्याच दुसऱ्या काठांवर नवे खड्डे पडले. ज्याचे बिऱ्हाड ताडपत्रीचे आणि भांडवल एका पंपाचे, तो एका रात्रीत जागा बदलतो. शिवाय बंदीचा धाक पडला की काम उघड्यावरून घरात शिरते. दगड कुटणे लपवायचे असेल तर ते अंगणाच्या भिंतीआडच लपवावे लागते, आणि आजारी मुलाला दवाखान्यात नेले तर चौकशी होईल या भीतीने आई-बाप उशीर करतात. सरकारच्या नजरेआड ढकललेले विष मुलांच्या अधिक जवळ जाते, हे बंदीवाल्यांनी कधी हिशेबात धरले आहे का?

गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका म्हणणाऱ्यांशी माझे मन जास्त जुळते. म्हणूनच त्यांच्याशी जास्त कडक बोलायला हवे. पारा वापरणे ही गरिबाची निवड आहे, असे ते गृहीत धरतात. अनेक ठिकाणी पारा कोण देतो? सोने विकत घेणारा व्यापारी देतो. उधारीवर देतो, कधी फुकटही देतो. अट एकच, निघालेले सोने मलाच घालायचे, माझ्या भावाने घालायचे. डिझेल त्याचे, पंप त्याचा, आजारपणाची उचलही त्याचीच. अशा माणसाला तू पारा सोड असे सांगणे म्हणजे तू सावकार सोड असे सांगणे आहे. आपल्याला हे चित्र अनोळखी आहे का? १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, दंगे नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. त्या वेळीही सुशिक्षितांतले आणि साहेबांतले बरेच लोक म्हणत होते की कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून बुडतो. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने खाती तपासली आणि लिहिले, की लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. मग १८७९ चा कायदा आला तो सावकाराच्या कागदांवर आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर. त्या कायद्यात उणिवा होत्या, पण बोट योग्य जागी ठेवले होते. पाऱ्याच्या प्रश्नात आज आपण त्या कुणब्याच्या लग्नखर्चावरच बोलत बसलो आहोत.

पाऱ्यावाचून सोने काढणे शक्य आहे का, हा प्रश्न रास्त आहे. फिलिपिन्सच्या बेंगेट प्रांतात इगोरोत समाजाचे छोटे खाणकामगार गेल्या तीसहून अधिक वर्षांपासून टाकणखार (बोरॅक्स) वापरून सोने काढत आले आहेत. दळलेला दगड पाण्याच्या धारेने धुऊन जड कणांचा गाळ वेगळा करायचा, त्यात टाकणखार घालून तापवायचे. टाकणखारामुळे बाकीची खनिजे सहज वितळतात आणि सोने तळाशी गोळा होते. हा तोच टाकणखार, जो आमच्या सराफ्यात प्रत्येक सोनाराच्या पाटाशी वाटीत असतो. प्रत्येक प्रकारच्या दगडाला ही रीत लागू पडत नाही, हेही खरे. आधी गाळ चांगला धुऊन घ्यावा लागतो, हात बसायला वेळ लागतो. जिथे ती चालत नाही तिथे निदान बंद भांड्यात गोळा तापवून, नळीतून वाफ थंड करून पारा परत मिळवता येतो. बहुतेक सगळा पारा असा हाती लागतो, म्हणजे खर्चही वाचतो. मग लोक ते भांडे का वापरत नाहीत? कारण व्यापारी समोर बसून गोळा जाळून घेतो, त्याला ताबडतोब पिवळे सोने पाहायचे असते. बंद भांड्यातला खडा काळपट दिसला तर तो भाव पाडतो. खरेदी करणाऱ्याने रीत ठरवायची आणि दोष मात्र काढणाऱ्याच्या अडाणीपणाला द्यायचा, याला न्याय म्हणत नाहीत. नायजेरियातच, नायजर राज्यातल्या शिकिरा गावी २०१५ मध्ये शिशाने २८ मुले दगावली. त्यानंतर तिथे दगड कोरडा न दळता ओला दळणे, ते काम वस्तीपासून लांब नेणे, घरी जाण्याआधी अंग धुऊन कपडे बदलणे असे साधे बदल खाणकामगारांबरोबर बसून केले गेले. त्यांना हाकलले नाही, त्यांच्याशी बोलले, आणि धूळ कमी झाली.

यावर आमच्याकडे हमखास येणारे उत्तर म्हणजे, हे सगळे तिकडचे आहे. पेरू आणि नायजेरियाची सरकारे नालायक, त्याला इंदूर काय करणार? मला हे उत्तर सर्वांत कमी पटते. भारतात सोन्याच्या विटा येतात तसेच खाणीवरचे अर्धवट शुद्ध, कच्चे सोनेही येते; व्यापारात त्याला डोरे म्हणतात. त्यावर सीमाशुल्क थोडे कमी असल्यामुळे २०१३ नंतर देशात शुद्धीकरणाचे कारखाने झपाट्याने वाढले. पाचहूनही कमी होते, ते २०२१ पर्यंत ३३ झाले. हे कच्चे सोने पेरू, बोलिव्हिया, घाना, टांझानिया अशा देशांतून येत आले आहे. बोलिव्हिया हा पाऱ्याच्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक, आणि तिथल्या सोन्याचा मोठा भाग भारत आणि संयुक्त अरब अमिरातींकडे जात आला आहे. तिकडच्या प्रत्येक लगडीत पारा वापरलेला असतो असा आरोप मी करत नाही. कुठल्या लगडीत आहे आणि कुठल्या नाही, हे विचारायची सोयच आपण केलेली नाही, हा माझा आक्षेप आहे.

दूरच्या खाणीतले विष आणि इथले वैभव यांचे नाते नवे नाही. सोळाव्या शतकात पेरूमधल्या वांकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीत स्थानिक लोकांना सक्तीने उतरवले जाई. ती खाण माणसे मारणारी म्हणून बदनाम होती. त्या पाऱ्याने आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीची चांदी निघे. ती चांदी स्पेनची नाणी होऊन समुद्रमार्गे सुरतेला पोचे आणि सुरतेच्या टांकसाळीत वितळून मोगल रुपये होई. रुपया मोजणाऱ्या सराफाला वांकावेलिका कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नव्हते. आपल्याला माहीत आहे. उलट दिशेनेही विष आलेले आहे. अमेरिकेतला पाऱ्याच्या थर्मामीटरांचा कारखाना ऐंशीच्या दशकात कोडाईकनालला हलवला गेला. पारा लागलेल्या काचा भंगारात सापडल्यावर २००१ साली तो बंद पडला, आणि ५९१ माजी कामगारांशी समझोता व्हायला २०१६ उजाडले. आणि सोन्याच्या खाणींनीच मागे ठेवलेल्या विषासाठी परदेशात जायलाही नको. कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात मंगळूर गावच्या (किनाऱ्यावरचे मंगळूर नव्हे) बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीच्या परिसरात, किरदळ्ळी तांड्यावर, विंधन विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक सापडले आणि बंजारा कुटुंबांत त्वचेचे विकार आणि कर्करोग आढळले.

इंदूरकरांना तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून इंदूरजवळच्या पीथमपूरला आला तेव्हा हे शहर ढवळून निघाले होते. त्यात नेमके काय आहे? धूर कुठे जाईल? राख कुठे पुरणार? यशवंतसागर तलावाच्या पाण्याचे काय? आपण विचारलेला एकही प्रश्न चुकीचा नव्हता. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी तीन फेऱ्यांत चाचण्या घ्याव्या लागल्या आणि मगच बाकीचा कचरा जाळला गेला, तो अशा प्रश्नांमुळेच. आपल्या दाराशी आलेल्या विषाला आपण उगम विचारला, रसायने विचारली, शेवटचा मुक्काम विचारला. मग दागिन्याच्या रूपाने घरात येणाऱ्या वस्तूला यातला एक तरी प्रश्न आपण विचारतो का?

बायकांनी सोने घेणे सोडावे, या सूचनेबद्दल आता बोलायला हवे. ती बहुतेक वेळा पुरुष करतात हे मी नोंदवून ठेवते. ज्या घरात जमीन नवऱ्याच्या नावावर, बँकेचे खाते सासऱ्याच्या सहीचे, तिथे चार बांगड्या आणि एक गोफ एवढेच बाईच्या हातात असते. अडीअडचणीला तेच गहाण पडते, मुलीची फी त्यातूनच भरली जाते. त्या बाईला दुसरी सुरक्षितता न देता तिचे सोने काढून घ्यायला सांगणे हा अन्याय आहे. आणि मागणी फक्त तिचीच आहे का? २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत जगातल्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले, त्यात आपली रिझर्व्ह बँकही होती. तरी या सूचनेत एक खरी गोष्ट दडलेली आहे. जुने मोडून नवे घडवण्याची आपल्याकडची रीत ही पाऱ्यावाचून मिळणाऱ्या सोन्याची सर्वांत जवळची खाण आहे. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या होतात तेव्हा कुठली नदी नासत नाही. या रीतीला घडणावळीत सवलत, मोडीला योग्य भाव आणि चोख पावती मिळाली तर त्याचा फरक नक्की पडेल. फक्त ‘जुने सोने’ या नावाखाली नवे बेकायदा सोने खपवले जाते, असे जगाच्या बाजारात घडलेले आहे. म्हणून कागद इथेही लागतीलच.

मग करायचे काय? शिशाच्या पेट्रोलचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. ते शिसे शहरांतल्या मुलांच्या रक्तात जात होते. आपण स्कूटर चालवणाऱ्याला दोष दिला नाही, गाडी विकून टाक म्हटले नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांना सांगितले की शिसे घालायचे नाही, आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचेच पेट्रोल मिळू लागले. पंपावर उभ्या माणसाला काही ठरवावे लागले नाही. सोन्याची वाट नेमकी शुद्धीकरणाच्या कारखान्यापाशी अशीच चिंचोळी होते. कोट्यवधी खाणकामगारांना आणि कोट्यवधी ग्राहकांना गाठता येत नाही, पण मोजक्या कारखान्यांना गाठता येते. सवलतीच्या शुल्कात कच्चे सोने आणायचे तर खाणकंपनीची पॅकिंग यादी आणि कसाचा दाखला आजही सादर करावा लागतो, म्हणजे कागद मागायची सवय सीमाशुल्क खात्याला आहे. त्यात एवढेच वाढवायचे: सोने कुठल्या खाणीतून वा कुठल्या खरेदी केंद्रातून आले, ते कसे वेगळे केले, पारा वापरला असेल तर उघड्यावर जाळला की बंद भांड्यात, आणि हे तिऱ्हाइताने तपासले का. युरोपीय संघाने २०२१ पासून सोने आयात करणाऱ्यांवर उगम तपासण्याची सक्ती केली आहे. तिचा रोख सशस्त्र टोळ्यांच्या पैशावर आहे, पाऱ्यावर नाही. पण आयातदाराला उगम विचारता येतो हे तिने दाखवून दिले. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली. त्या करारात अख्ख्या दगडात पारा कालवणे, गोळा उघड्यावर जाळणे, वस्तीत जाळणे आणि पारा मिसळलेल्या गाळावर सायनाइड ओतणे या सर्वांत वाईट रीती थांबवण्याचे कलम आहे. आपण त्यावर सही करून थांबलो. विकत घेणारा देश म्हणून आपल्या वाट्याला काय येते, याचा विचार पुढे गेला नाही.

याविरुद्धचा सर्वांत जोरकस मुद्दा चोरट्या वाटेचा आहे. नियम कडक केले की सोने दुबईमार्गे फिरून नव्या कागदांनिशी येईल, किंवा सीमेवरून चोरून येईल. हे होईल, मी नाही म्हणत नाही. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये पाऱ्याची निर्यात थांबवली, तेव्हा इंडोनेशियात हिंगुळाच्या दगडापासून पारा काढण्याचा बेकायदा धंदा फोफावला. पुरवठा एका जागी दाबला की दुसरीकडून फुटतो. म्हणूनच कागदांबरोबर पैसा जायला हवा. जो आयातदार कुठल्या खाण सहकारी संस्थेकडून वर्षानुवर्षे सोने घेणार आहे त्याने तिथे धुण्याची टेबले, बंद भांडी, टाकणखार आणि व्यापाऱ्याच्या उधारीतून सुटण्याइतकी उचल द्यावी. असे सोने ग्रॅममागे थोडे महाग पडेल. लाखाच्या पुढे गेलेल्या भावात ती वाढ किती आणि घडणावळीत आपण न कुरकुरता देतो ते किती, याची तुलना ज्याने त्याने आपल्या बिलावर करावी. कोणी म्हणेल, पुरावे कुठे पुरेसे आहेत, प्रत्येक खाणकामगार थोडाच आजारी पडतो? खरे आहे, प्रत्येक जण पडत नाही, आणि मलेरिया, कुपोषण, पारा यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. ज्या जपानी गावाचे नाव त्या कराराला आहे त्या मिनामातात एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा समुद्रात जात होता; तिथे पहिल्या रुग्णांची अधिकृत नोंद १ मे १९५६ ला झाली. कारखान्याच्याच रुग्णालयातल्या डॉ. होसोकावांनी १९५९ मध्ये सांडपाणी खाऊ घातलेल्या मांजरावर तोच आजार पाहिला, आणि कंपनीने ते दाबले. सरकारने कारण मान्य केले १९६८ साली. पुरेशा पुराव्याची वाट पाहण्यात गेलेल्या त्या बारा वर्षांत समुद्रात पारा जातच होता.

ज्यांना हे सगळे फार लांबचे वाटते त्यांनी राजवाड्यामागच्या सराफ्यातच पाहावे. रात्री तिथे भरणाऱ्या खाण्याच्या चौपाटीत गॅसच्या टाक्या असाव्यात की नाही यावर शहरात भरपूर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्याच गल्ल्यांत, वरच्या मजल्यांवरच्या कोंदट खोल्यांत बसून काम करणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांवर कधी चर्चा झाली? त्यांतले कितीतरी बंगालमधून आलेले, भट्टीच्या बाजूलाच झोपणारे. दागिन्याचे सांधे जोडायला कॅडमियम या धातूचा डाख अनेक वर्षे सर्रास चालला. केडीएमचे सोने म्हणून आपण तो कौतुकाने विकत घेतला. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, म्हणजे डाख देताना त्याची वाफ थेट फुंकणी मारणाऱ्याच्या नाकात. ते मूत्रपिंडात दशकानुदशके साठून राहते आणि कर्करोगाला कारण होते. जपानच्या जिंझू नदीकाठी खाणीतल्या कॅडमियमने बायकांची हाडे ठिसूळ करून त्यांना वेदनांनी खिळवले होते. हॉलमार्कच्या मानकांत कॅडमियमच्या डाखाला जागा उरली नाही आणि जस्ताचे डाख आले. कशामुळे? कारागिराने तक्रार केली म्हणून नाही, विकल्या जाणाऱ्या वस्तूवर अट आली म्हणून. सोनारांच्या दुकानांतली झाडलोट आणि भट्टीची राख धुऊन कण काढणारे झारेकरी, गोंदिया-बालाघाटकडचे सोनझारी, यांच्या कामात पारा आणि तेजाब पूर्वापार आहेत, आणि त्यांच्यासाठी मात्र कुठलीही अट आलेली नाही.

२०२१ च्या जूनपासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने एकेका जिल्ह्यात सक्तीचा होत गेला, आणि २०२३ च्या एप्रिलपासून सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. म्हणजे हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यामागे आज एक नोंद आहे. त्या नोंदीत शुद्धता आहे, दागिन्याचा प्रकार आहे, सराफ आहे, तपासणी केंद्र आहे. सोने कुठून आले तो रकाना नाही. तो वाढवावा, आधी शुद्धीकरण कारखान्यांच्या लगडींसाठी आणि मग दागिन्यांसाठी, अशी मागणी भारतीय मानक ब्युरोकडे ग्राहक संघटनांनी आणि सराफांच्या संघटनांनी मिळून करायला हवी. इंदूरच्या सराफांनी ती पहिल्यांदा करावी अशी माझी इच्छा आहे, कारण कचरा घरातच वेगळा करण्याची शिस्त ज्या शहराने लावून घेतली, तिथे लोक अशी गोष्ट समजून घेतात. आणि तोवर सराफ्यातल्या कारागिरांसाठी वाफ ओढून घेणारे धुराडे, वर्षातून एकदा रक्त-लघवीची तपासणी आणि राख धुणाऱ्यांसाठी बंद भांडी एवढे तर या शहराला कुणाच्या परवानगीवाचून, येत्या दिवाळीच्या आत सुरू करता येईल.